पोलिसांसाठी हेलिकॉप्टर : कोणते आणि कशासाठी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कंत्राटी कामगार, किमान वेतन किंवा फार तर औद्योगिक न्यायालय यांपैकी काही सांगेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी हेलिकॉप्टर म्हणालो तेव्हा ते गोंधळले. एका गृहस्थांनी तर "संघटनेने विकत घ्यायचे ठरविले की काय?" असे विचारले. तसे काही नाही. आमच्या कचेरीतला पंखासुद्धा वर्गणी काढून घेतलेला आहे. परंतु शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत एखादा अपघात झाला, पूर आला, गडावर माणूस अडकला, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "पोलिसांकडे हेलिकॉप्टर पाहिजे." हे वाक्य मीही बोललो आहे. मग एके दिवशी मनात आले, की पाहिजे म्हणतो ते नेमके कोणते, आणि कशासाठी? तेव्हापासून या विषयावर जे हाती लागले ते वाचीत आलो. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे शिक्षण रात्री, कंदिलाखाली आणि शब्दकोश जवळ ठेवून झाले. चूक आढळली तर पदवीधर मंडळींनी सांभाळून घ्यावे आणि शेवटी उभे राहून सांगावेही.

प्रथम माझ्या मनात हे कुठून आले ते सांगतो. संघटनेच्या कामात पडण्यापूर्वी मी खलाशी होतो. समुद्रावरचा नव्हे, कारखान्यात जड सामान दोर-साखळीने उचलणारा जो, त्यालाही आपल्याकडे खलाशीच म्हणतात. मुरबाडकडच्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, माझ्या बरोबरीचा एक गडी लोखंडी प्लेटीखाली सापडला. मांडीवर प्लेट आली होती, शुद्ध होती, बोलत होता. त्याला टेंपोत घातले. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तेथून कल्याण, कल्याणहून पुढे. रेल्वेचे फाटक बंद, पुढे लग्नाची वरात. तो ठाण्याच्या अलीकडे गेला. जखमेने गेला असे कागदावर आहे. मी टेंपोत त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो, म्हणून मी म्हणतो की तो रस्त्याने गेला. त्या दिवशी आकाश अगदी निरभ्र होते, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

आता लगेच दुसरी बाजू सांगतो, नाहीतर आपण म्हणाल की हा भावनेच्या भरात बोलतो आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी आपल्याच तालुक्यात, सरळांब्याजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि २० कामगार ठार झाले. परप्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे ती. तेथे जगातले उत्तमातले उत्तम हेलिकॉप्टर आले असते तरी त्या लोखंडाखाली दबलेल्यांना काय उपयोग होता? जो अपघात घडूच नये त्याला आकाशातून औषध नाही. हेलिकॉप्टर मागण्याच्या गडबडीत सुरक्षा अधिकारी मागायचे विसरू नये, एवढे बोलून मी पुढे जातो.

पोलिसांनी हेलिकॉप्टर वापरणे ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत बेल कंपनीच्या ४७ नंबरच्या यंत्राला १९४६ साली नागरी वापराचा पहिला परवाना मिळाला आणि १९४८ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ते घेतलेसुद्धा. त्यांचे विमानपथक तर १९२९ पासूनचे. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीत पोलिसांच्या कामासाठी हेलिकॉप्टर वर्षानुवर्षे वापरात आहे, कारण तेथे रस्त्याखाली सुरुंग पेरलेले असत. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ झालेल्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले, ते आपण वाचले असेल. पुढे १३ नोव्हेंबर २०२१ च्या मोठ्या चकमकीत जखमी झालेल्या जवानांना हवाईमार्गे नागपूरला नेण्यात आले. तेव्हा गडचिरोलीचे काम ठरलेले आहे : जखमी उचलायचा आणि इस्पितळात पोहोचवायचा. मुंबईत २८ नोव्हेंबर २००८ रोजी नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरविले गेले, ते हवाईदलाच्या एमआय-१७ मधून दोराने. ते काम निराळे. आणि एखाद्या शहरात चोराच्या मोटारीमागे उडत राहायचे, हे काम आणखी निराळे. तीन कामांना तीन यंत्रे लागतात. बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरीसुद्धा आधी ठरवतो, की नांगराला पाहिजे, गाडीला पाहिजे की शर्यतीला.

आता यंत्राकडे येतो. येथे माझी खलाशीगिरी मला फार उपयोगी पडली. क्रेनवर '५० टन' असे लिहिलेले असते. नवा साहेब ते वाचतो आणि ५० टनांचा माल आणतो. जुना खलाशी हसतो. ती क्रेन ५० टन उचलते खरी, पण माल अगदी तिच्या पायाशी असेल तेव्हा. हात लांब केला की तीच क्रेन ५ टनांना कुरकुरते. किती लांबीवर किती वजन, याचा तक्ता केबिनमध्ये चिकटविलेला असतो. शहाणा माणूस क्रेन घेताना पाटी वाचीत नाही, तक्ता वाचतो. हेलिकॉप्टरचेही अगदी असेच आहे. माहितीपत्रकात 'आठ माणसे' असे छापलेले असते. त्यात टाकी भरली की दोन माणसे कमी. दिवा, कॅमेरा, दोराचे यंत्र बसविले की आणखी एक कमी. स्ट्रेचर ठेवला की खुर्च्या काढाव्या लागतात. आणि मग येते हवा.

हवेचा तक्ता फार थोड्या लोकांच्या ध्यानात येतो. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात म्हणून यंत्र वर राहते. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पात्यांना धरायला काही मिळत नाही. इंजिनालाही श्वास कमी पडतो. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा, की ठरीव तापमानापेक्षा दर अंशाला साधारण १२० फूट उंची वाढली असे समजावे. समुद्रसपाटीला हे ठरीव तापमान १५ अंश धरतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० ला टेकला, की शहापूरच्या मैदानात उभे असलेले यंत्र जणू तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर उभे असते. माहुलीचा माथा पावणेतीन हजार फुटांच्या पुढे आहे. तेथे ३२ अंश असले तर यंत्राला तो साडेपाच हजार फुटांचा डोंगर वाटतो. लंडनच्या धुक्यात ज्या यंत्राने सहा माणसे उचलली, ते माहुलीवर चार उचलील की नाही याची शंका.

त्यातही एक मेख आहे. जमिनीच्या अगदी जवळ तरंगताना खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि यंत्राला एक प्रकारची गादी मिळते. परंतु सुळक्यावरून, दरीच्या तोंडावर तरंगायचे असेल तर ती गादी नाही. सगळे वजन इंजिनाच्या जोरावर. माहुलीवरून पाय मोडलेला मुलगा उचलायचा तो याच स्थितीत. म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : "मे महिन्याच्या दुपारी, तीन हजार फुटांवर, खाली आधार नसताना, दोराला माणूस लटकलेला असताना आणि टाकीत परतीचे तेल असताना हे यंत्र किती वेळ स्थिर राहील?" या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात असते. विक्रेता गोड बोलू लागला, की तक्ता मागावा.

इंजिन एक की दोन, हा दुसरा मोठा वाद. एका इंजिनाची यंत्रे हलकी, स्वस्त आणि डोंगरात मोठी पराक्रमी असतात. १४ मे २००५ रोजी एका फ्रेंच वैमानिकाने एका इंजिनाचे यंत्र एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकविले होते. आपल्याकडचे जुने 'चेतक' एकाच इंजिनाचे. त्याने किती पूरग्रस्त उचलले असतील याची गणती नाही. एक इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर दगडासारखे पडत नाही. खालून येणाऱ्या वाऱ्याने पाती फिरत राहतात आणि कुशल वैमानिक ते उतरवू शकतो. पण उतरायला सपाट जागा हवी. डोळखांबच्या सागवानात किंवा माळशेजच्या कड्याखाली ती कोठून आणणार? भरवस्तीवरही तोच प्रश्न. म्हणून माझे मत दोन इंजिनांकडे आहे. मात्र दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असे मानू नये. एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर पुढे उडत घरी येता येते. परंतु त्याच जागी तरंगत राहता येईलच असे नाही. दोराला माणूस लटकलेला असताना हा फरक जीवन-मरणाचा आहे.

आणि ग्लासगोची हकीकत ऐका. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंडच्या पोलिसांचे दोन इंजिनांचे यंत्र एका दारूच्या गुत्त्याच्या छतावर कोसळले. आतले तीन आणि खालचे सात, अशी दहा माणसे गेली. तपासात दिसले, की मुख्य टाकीत तेल होते, पण ते इंजिनांच्या टाक्यांत चढविणाऱ्या पंपांची बटणे बंद होती. आधी एक इंजिन विझले, लगेच दुसरे. दोन बैल आहेत म्हणून काय झाले, वैरण एकाच गोठ्यात अडकली तर दोघेही उपाशी! इशाऱ्याचे दिवे लागले होते; मग त्या अनुभवी वैमानिकाने ठरलेली रीत का पाळली नाही, हे शेवटपर्यंत उलगडले नाही, कारण त्या यंत्रात नोंद ठेवणारी पेटीच नव्हती. कायद्याने ती सक्तीची नव्हती. मी कामगार संघटनेचा माणूस. अपघातात कामगार मेला, की "त्याचीच चूक" हा शेरा किती लवकर पडतो हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मेलेला बोलू शकत नाही, पेटी बोलते. म्हणून आपल्या मागणीत नोंदपेटी पहिल्या पानावर पाहिजे, कायदा सांगो वा न सांगो.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. शेपटाचा पंखा उघडा असला, तर गर्दीत माणसे त्याच्याजवळ जातात. फिरताना तो दिसत नाही. आपल्या गावी यंत्र उतरले की पोरे कशी धावतात, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून तो पंखा कड्यात झाकलेला असावा किंवा शेपूट डोक्यापेक्षा चांगले उंच असावे. स्ट्रेचर मागच्या दाराने सरळ आत जावा. बाजूने वाकडा करून घालताना मणक्याचे रुग्ण कायमचे जायबंदी होतात. चाके आपल्या भातखाचरांत रुततात. सळयांचे पाय आणि त्यांखाली रुंद पाट्या बऱ्या. यंत्र फार जडही नको. एमआय-१७ तेरा टनांचे आहे. ते खाली आले, की पाड्यावरची कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडतात. वाचवायला आलेल्याने घर मोडून जाऊ नये.

दोराच्या यंत्राविषयी मात्र थोडे थांबतो. चांगले यंत्र सुमारे २७० किलो वजन ९० मीटर दोरावर उचलते. हे विकत मिळते. ते चालविणारा हात विकत मिळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडात देवघरजवळ त्रिकूट पर्वतावर रोपवे अडकला, तेव्हा हवाईदलाने पाळण्यांतून पुष्कळ माणसे सोडविली. तरी उचलताना वरून पडून माणसे दगावली. हवाईदलाच्या कसलेल्या हातांकडूनही हे घडू शकते, तर वर्षातून दोनदा सराव करणाऱ्या पथकाकडून काय अपेक्षा करावी? ज्या पोलीस खात्याला दर महिन्याला डोंगरात सराव परवडत नाही, त्याने दोराचे यंत्र घेऊच नये.

तारांचेही असेच. पडघ्याच्या मोठ्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या आपल्या डोक्यावरून जातात, रेल्वेच्या तारा आहेत, गावोगावचे खांब आहेत. २५ मे २०१७ रोजी निलंग्याला राज्याचे मुख्यमंत्री बसलेले दोन इंजिनांचे महागडे हेलिकॉप्टर, ऐन मे महिन्यात, उड्डाण करताच विजेच्या तारांत सापडून खाली आले. सुदैवाने सगळे वाचले. तारा कापणारी सुरी यंत्राच्या नाकावर बसविता येते. पण तार कोठे आहे हे आधी ठाऊक असणे अधिक बरे. वैमानिकाला ते ठाऊक नसते, गावकऱ्याला असते.

आता पावसाकडे येतो, कारण खरी गरज जुलैत पडते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. हेलिकॉप्टरे सज्ज ठेवलेली होती. ढग आणि पाऊस यांमुळे ती उडू शकली नाहीत. माणसे पायी गड चढून गेली आणि फावड्यांनी चिखल उपसला. त्याआधी २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. नौदल धावले, हवाईदल धावले. पण हजारावर प्रवासी कोरड्या जमिनीवर आले ते होड्यांनी. आणि मग त्याच पावसाळ्यात, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू-नांदखुरीतून हवाईदलाच्या हेलिकॉप्टरने पन्नासाहून अधिक गावकऱ्यांना बाहेर काढले. तेव्हा उपयोग नाही असे नाही. भरवसा नाही, एवढेच. ज्या वाडीला रस्ता नाही, तिला "हेलिकॉप्टर येईल" असे सांगून रस्ता टाळणारा पुढारी मला दिसू लागला आहे, म्हणून हे बोलतो. बाळंतीण डोलीत घालून आणावी लागते ती काही आकाशमार्ग नाही म्हणून नव्हे.

येथवर आपण मला ऐकून घेतलेत. आता जो भाग पोलीस खात्यातील मंडळींना आवडणार नाही, तो बोलतो. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले होते. त्या रानात पोलीस पायी पोहोचले. वर डोळा असता तर तो दस्ता किती दिवस टिकला असता? ते सरकार परके होते, आजचे आपले आहे, हे मला मान्य. पण मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून कसारा घाट उतरून आपल्या शहापूरवरून गेला. मार्च २०२३ मध्ये पुन्हा आला आणि वासिंदला थांबला. दोन्ही वेळा आपण त्यांना पाणी-भाकरी दिली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभू सीमेवर शेतकऱ्यांवर अश्रुधूर आकाशातून, ड्रोनने, टाकण्यात आला. तेव्हा पोलिसांच्या हातात आकाश देताना मी कामगार म्हणून दोनदा विचार करतो.

आणि येथेच यंत्राच्या निवडीला महत्त्व आहे. पोटाखाली मोठा दिवा, भोंगा आणि उष्णता टिपणारा कॅमेरा लावला, की ते यंत्र गर्दीवर घिरट्या घालायला तयार झाले. आपल्या जंगलात त्या कॅमेऱ्याचा उपयोगही थोडाच. पावसाळ्यातल्या पानांच्या छतातून तो पाहू शकत नाही, आणि संध्याकाळी तापलेल्या कातळात माणसाची ऊब वेगळी दिसत नाही. पहाटे थोडे दिसते. हरवलेला माणूस शोधायला लहान ड्रोन पुष्कळ स्वस्त पडते. दोराचे यंत्र, स्ट्रेचर, प्राणवायू आणि एक परिचारक बसविला, की तेच हेलिकॉप्टर रुग्णवाहिका होते. दोन्ही एकदम बसविण्याइतके वजन ते उचलत नाही. तक्ता आठवा. म्हणजे 'कोणते हेलिकॉप्टर' हा प्रश्न विचारताना आपण पोलिसांनी आपल्याशी काय करावे हेच ठरवीत असतो, आणि ते ठरविणाऱ्या समितीत आजवर आपल्यापैकी कोणालाही कोणी बोलावलेले नाही. मंत्र्यांसाठी गुबगुबीत खुर्च्या मात्र कोणी न सांगता बसतात, आणि त्यांचेही वजन असतेच.

माझी निवड विचाराल तर सांगतो. जिल्ह्याला स्वतःचे यंत्र नको. जुहूहून शहापूर किंवा मुरबाड सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरही नाही. वीस मिनिटांची वाट, माळशेजपर्यंत अर्धा तास. राज्याने ठेवावे, दोन इंजिनांचे, पावणेचार टनांच्या आसपासचे, मागून उघडणारे, उंच शेपटीचे. एअरबसचे एच-१४५ या वर्गातले आहे. आपल्या बंगळूरच्या कामगारांनी बनविलेले 'ध्रुव' साडेपाच टनांचे. जोरही भरपूर, मागचे दारही आहे, आणि मनाने मी त्याच्या बाजूचा. पण जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुवाचा अपघात झाल्यावर ती उड्डाणे कित्येक महिने थांबविण्यात आली होती. एकाच जातीवर सारा भार टाकला, की असे होते. आणि एक यंत्र घेतले म्हणजे रोज एक यंत्र मिळाले असे नव्हे. त्याला दुरुस्तीचे दिवस असतात. रोज एक हवे तर दोन घ्यावी लागतात, आणि दोन पाळ्यांचे वैमानिक व तंत्रज्ञ, पुरेशा झोपेसह. उड्डाणाच्या एका तासाचा खर्च लाखाच्या पुढे जातो, तेव्हा झोपेवर काटकसर करू नये.

ते यंत्र येईल तेव्हा येईल. आपल्या हातचे एक काम आहे आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. उतरायच्या जागा. प्रत्येक मोठ्या गावाजवळ एक मोकळे सपाट मैदान, उताराचे नको, धूळ उडू नये म्हणून उतरण्यापूर्वी पाणी मारायची सोय, वाऱ्याची दिशा दाखवायला काठीवर एक कापड, आणि भोवतालच्या प्रत्येक तारेची नोंद. किन्हवली, डोळखांब, खर्डी, इकडे धसई, टोकावडे, म्हसा. म्हशाच्या जत्रेचे मैदान उत्तम आहे, पण जत्रेत नाही!

गेल्या महिन्यात आम्ही काही तरुण टेप घेऊन टोकावड्याच्या बाजूला गेलो होतो. शाळेजवळ एक मैदान सापडले. तीन बाजूंनी मोकळे, जमीन कडक. चौथ्या बाजूने विजेची एक तार कोपरा कापून गेली आहे. दोन खांब वीस-पंचवीस पावले सरकविले तर जागा मोकळी होते. वीज मंडळींना अर्ज लिहिला आहे, तहसील कचेरीसाठी एक प्रत जोडली आहे. मसुदा बाहेर दाराशी टेबलावर ठेवला आहे. पेन दोरीने बांधलेले आहे, ते तेवढे नेऊ नये.